झेनर डायोडची तुलना: किती व्होल्ट, आणि ते किती करंटला?

इंदूरच्या महाराणी रोडवर दुकानात ‘पाँच-एक का ज़ेनर’, म्हणजे उलट दिशेने ५.१ व्होल्ट राखणारा झेनर डायोड, मागितला, की दुकानदार ‘आधा वाट कि एक वाट?’ एवढेच विचारतो. आपणही अंदाजाने काहीतरी सांगतो आणि कागदाची पुडी खिशात घालून घरी येतो. मग ब्रेडबोर्डवर मोजल्यावर एका डायोडवर ५.१ व्होल्ट येतात, दुसऱ्यावर ४.१ येतात, आणि दुसरा डायोड ‘नकली’ ठरून कचऱ्यात जातो. माझ्याकडे प्रोजेक्ट घेऊन येणारी मुले दर वर्षी हीच तक्रार करतात. त्यांनी टाकून दिलेले डायोड उचलून मी मोजले, तेव्हा त्यांतले बहुतेक धडधाकट निघाले. झेनरवर छापलेले व्होल्टेज एका ठरावीक करंटलाच खरे असते, आणि तो करंट किती हे न पाहता केलेली तुलना निरुपयोगी ठरते. तुलना कोणत्या क्रमाने करावी आणि क्रम चुकला की काय बिघडते, ते पुढे दिले आहे. ओहमचा नियम आणि मल्टिमीटर यांची ओळख गृहीत धरली आहे.

१. तयारी: आधी डायोड ओळखा, मग मोजा

टेबलावर ० ते ३० व्होल्टचा बदलता पॉवर सप्लाय, एक डिजिटल मल्टिमीटर, १०० ओहमचा एक टक्का अचूकतेचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, २२० ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, भिंग आणि वही एवढे असावे. वही ऐच्छिक नाही. तोंडी लक्षात ठेवलेली रीडिंग तिसऱ्या डायोडपर्यंत एकमेकांत मिसळतात.

काचेच्या डायोडवरचा नंबर दोन-तीन ओळींत तुटून छापलेला असतो, म्हणजे ‘१एन’, त्याखाली ‘४७’ आणि त्याखाली ‘३३ए’. उजेडाकडे धरून, डायोड बोटात फिरवत भिंगातून वाचावा. ४७ आणि ४१ यांत गल्लत झाली, तर १एन४१४८ हा साधा सिग्नल डायोड झेनर समजून लावला जातो. तो अर्ध्या वॅटच्या झेनरसारखाच नारंगी काचेचा असतो, पण उलट दिशेने १०० व्होल्टपर्यंत करंट अडवतो, त्यामुळे सर्किटमध्ये ‘झेनर काही करतच नाही’ असे दिसते.

बाजारात सहसा मिळणाऱ्या मालिका अशा आहेत. १एन४७२८ए ते १एन४७६४ए ही एक वॅटची मालिका ३.३ ते १०० व्होल्टची आहे आणि तिची अचूकता पाच टक्के आहे. १एन५२२१बी पासून सुरू होणारी मालिका आणि बीझेडएक्स५५ व बीझेडएक्स७९ या मालिका अर्ध्या वॅटच्या आहेत. बीझेडएक्स मालिकेत व्होल्टेज नंबरातच लिहिलेले असते, कारण तेथे दशांश चिन्हाच्या जागी ‘व्ही’ येतो: ‘सी५व्ही१’ म्हणजे पाच टक्के अचूकतेचा ५.१ व्होल्टचा झेनर. ‘सी’च्या जागी ‘बी’ असेल तर अचूकता दोन टक्के.

नंबर कळला की डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, उघडून चार गोष्टी वहीत उतरवाव्यात: व्होल्टेजची किमान-कमाल मर्यादा, चाचणीचा करंट, त्या करंटला असणारा अंतर्गत रोध, आणि किती तापमानापर्यंत किती वॅट. दुसऱ्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. नाममात्र ५.१ व्होल्टचे तीन झेनर घेतले तर बीझेडएक्स५५सी५व्ही१ चे व्होल्टेज ५ मिलिअँपिअरला, १एन५२३१बी चे २० मिलिअँपिअरला आणि १एन४७३३ए चे ४९ मिलिअँपिअरला मोजलेले असते. म्हणजे तिघांवर एकच आकडा असला तरी तो तीन वेगवेगळ्या करंटना मोजलेला आहे, आणि सगळ्यांना एकच रेझिस्टर लावून मोजले तर रीडिंग वेगळी येणारच.

इशारा: मल्टिमीटरच्या डायोड मोडवर झेनरचे व्होल्टेज कळत नाही. त्या मोडमध्ये बहुतेक मीटर तीन व्होल्टच्या आसपासच दाब देतात, त्यामुळे ५.१ व्होल्टचा झेनर एका दिशेने ०.७ आणि दुसऱ्या दिशेने ‘ओपन’ दाखवतो, म्हणजे हुबेहूब साध्या डायोडसारखा वागतो. डायोड शॉर्ट किंवा ओपन आहे का, एवढेच त्यातून समजते.

२. आत काय घडते, कामापुरते

सुलट दिशेने झेनर साध्या डायोडसारखाच ०.७ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो. त्याचे खरे काम उलट दिशेचे आहे, म्हणून पट्टीचे टोक, म्हणजे कॅथोड, सप्लायच्या धन बाजूकडे ठेवावे लागते. उलट दाब वाढवत नेला की एका मर्यादेपर्यंत नगण्य करंट वाहतो आणि त्यापुढे तो झपाट्याने वाढतो. त्या भागात करंट बराच बदलला तरी व्होल्टेज फारसे हलत नाही, आणि याच गुणासाठी आपण तो विकत घेतो.

मर्यादा ओलांडण्याच्या रीती मात्र दोन आहेत. साधारण पाच व्होल्टच्या खालच्या डायोडमध्ये आतला जोड (जंक्शन) इतका पातळ असतो की तीव्र विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन थेट पलीकडे झिरपतात. हा खरा झेनर परिणाम. सहाच्या वर जोड रुंद असतो. तेथे वेग घेतलेला इलेक्ट्रॉन अणूवर आदळून नवे इलेक्ट्रॉन सोडवतो, ते आणखी सोडवतात, आणि डोंगरावरून दरड कोसळावी तसा करंट वाढतो. पाच-सहाच्या दरम्यान दोन्ही रीती एकत्र चालतात. दरड पद्धतीचे वळण, म्हणजे करंट झपाट्याने वाढू लागतो तो आलेखाचा कोपरा, टोकदार असते आणि झेनर पद्धतीचे गोलसर, उतरत जाणारे असते. त्यामुळे १२ व्होल्टचा झेनर एक मिलिअँपिअरलाही बाराच्या जवळ राहतो आणि ३.३ चा झेनर कमी करंटला भलताच खाली घसरतो. दोन्हींना ‘झेनर’च म्हणतात, म्हणून त्यांची वागणूकही एकच असेल असे मानणे, ही सर्वांत जुनी चूक आहे.

३. चाचणीची मांडणी

सप्लायच्या धन टोकापासून आधी २२० ओहम, मग १०० ओहम, मग झेनरचे पट्टीचे टोक, आणि दुसरे टोक ऋण बाजूला, अशी एकच साखळी जोडावी. १०० ओहमचा रेझिस्टर करंट मोजण्यासाठी आहे: त्याच्यावर ०.१ व्होल्ट दिसले की करंट १ मिलिअँपिअर, ४.९ व्होल्ट दिसले की ४९ मिलिअँपिअर. यामुळे मीटरची वायर करंटच्या खाचेत घालावीच लागत नाही. ती तेथे विसरून व्होल्टेज मोजायला गेले की मीटरचा फ्यूज उडतो, आणि तो कधी उडाला हे पुष्कळांना महिनोन्‌महिने कळत नाही. २२० ओहमचा रेझिस्टर हात चुकला तर डायोड वाचवण्यासाठी आहे. ४९ मिलिअँपिअरला त्याच्यात ०.५३ वॅट उष्णता होते, म्हणून तो दोन वॅटचा घ्यावा. पाव वॅटचा घेतला तर आधी वास येतो आणि मग धूर निघतो.

बदलता सप्लाय नसेल तर पुष्कळ जण १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) मालिकेत जोडून करंट बदलतात. असे करू नये. पाव वॅटच्या अशा पॉटचा पट्टा जेमतेम ५ मिलिअँपिअर सोसतो, आणि पॉट शून्याकडे नेला की नेमक्या त्याच टोकाच्या चिमूटभर पट्ट्यातून तीस-चाळीस मिलिअँपिअर जातात. माझा एक पॉट असाच करपला आणि पुढचे दोन दिवस मी दोष झेनरला देत राहिलो. त्यापेक्षा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडाव्यात आणि ५.१ व्होल्टच्या झेनरसाठी १२ किलोओहम, २.७ किलोओहम व ५६० ओहम हे रेझिस्टर एकेक करून बदलावेत. त्यांतून अनुक्रमे सुमारे १, ५ आणि २३ मिलिअँपिअर मिळतात.

तपासणी: सप्लाय शून्यावरून सावकाश वाढवावा. झेनरवर ०.७ व्होल्ट येऊन तेथेच थांबले तर डायोड उलटा बसला आहे. शून्याच्या आसपासच राहिले तर तो शॉर्ट आहे. सप्लाय छापील व्होल्टेजच्या बराच पुढे गेला तरी झेनरवरचे व्होल्टेज सप्लायबरोबर वाढतच राहिले, तर तो ओपन तरी आहे किंवा झेनरच नाही.

४. रीडिंग घेण्याचा क्रम

प्रत्येक डायोडची रीडिंग कमी करंटकडून जास्तीकडे घ्यावीत: १, ५, २० मिलिअँपिअर आणि शेवटी डेटाशीटमधला चाचणीचा करंट. उलट क्रमाने घेतली तर तापलेला डायोड पुढची सगळी रीडिंग बिघडवतो. मीटरच्या तारा आधी १०० ओहमवर लावून करंट जुळवावा, मग झेनरवर लावून व्होल्टेज वाचावे, आणि पुन्हा एकदा करंट पाहावा. झेनरचे रीडिंग त्याच्या दोन पायांवरच घ्यावे. ब्रेडबोर्डचे ढिले खाच आणि लांब तारा यांच्यातली घट उगाच हिशेबात येते.

माझ्या वहीतले एक पान येथे देतो. १एन४७३३ए या एक वॅटच्या डायोडवर १ मिलिअँपिअरला ४.१२ व्होल्ट, ५ ला ४.६८, २० ला ४.९८ आणि ४९ ला ५.०९ व्होल्ट आले. शेजारच्या अर्ध्या वॅटच्या बीझेडएक्स५५सी५व्ही१ वर १ ला ४.६, ५ ला ५.०८ आणि २० ला ५.२ व्होल्ट आले. दोन्ही डायोड आपापल्या डेटाशीटप्रमाणे निर्दोष आहेत. मात्र ५ मिलिअँपिअरला दोघांत चार दशांश व्होल्टचा फरक आहे, आणि ज्याला ‘नकली’ म्हटले गेले होते तो पहिलाच होता.

अंतर्गत रोधही याच पानावरून निघतो: दोन रीडिंगमधला व्होल्टेजचा फरक भागिले करंटचा फरक. २० ते ४९ मिलिअँपिअरमध्ये ०.११ भागिले ०.०२९, म्हणजे सुमारे ३.८ ओहम, डेटाशीटची कमाल मर्यादा ७ ओहम आहे, तेव्हा डायोड चांगला आहे. त्याच डायोडचा रोध १ ते ५ मिलिअँपिअरमध्ये ०.५६ भागिले ०.००४, म्हणजे १४० ओहम येतो. व्होल्टेजच्या नियंत्रणासाठी, म्हणजे ते स्थिर ठेवण्यासाठी, घेतलेला एक वॅटचा झेनर एक-दोन मिलिअँपिअरवर चालवला की आपण त्याला या १४० ओहमच्या भागात ठेवतो, आणि मग भार किंचित वाढला तरी व्होल्टेज कोलमडते.

इशारा: एका मालिकेतला सहाशे-सातशे ओहमपर्यंतचा आकडा आणि दुसऱ्या मालिकेतला दहा-वीसचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. पहिला बहुधा वळणावरच्या रोधाचा असतो आणि दुसरा चाचणीच्या करंटचा. डेटाशीटमध्ये हे दोन वेगळे रकाने आहेत.

५. उष्णतेची चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण दुसऱ्या भागातल्या दोन रीती डोळ्यांनी पाहण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. १२ व्होल्टचा, ५.१ चा आणि ३.३ चा असे तीन झेनर घ्यावेत. एकेकात ५ मिलिअँपिअर वाहू द्यावेत आणि तापलेले सोल्डरिंग आयर्न एका पायाला, काचेपासून सेंटिमीटरभर दूर, चार-पाच सेकंद टेकवावे. १२ व्होल्टचे रीडिंग वर चढताना दिसते. ३.३ चे खाली उतरते. ५.१ चे इकडेतिकडे थोडे हलून जवळपास तेथेच राहते, कारण त्यात दोन्ही रीती एकमेकींना बऱ्याच अंशी काटतात. पाच-सहा व्होल्टचा झेनर तापमानाला सर्वांत कमी जुमानतो तो यामुळेच.

आयर्न नसतानाही हा परिणाम असतोच. १एन४७४२ए या १२ व्होल्टच्या झेनरचा चाचणीचा करंट २१ मिलिअँपिअर आहे, म्हणजे त्यात पाव वॅट उष्णता होते. तेवढ्याने तो तीसेक अंश तापतो, आणि दर अंशाला सुमारे ८ मिलिव्होल्ट धरले तर रीडिंग पाव व्होल्टपर्यंत वर जाते. सप्लाय चालू केल्याक्षणी घेतलेले आणि दोन मिनिटांनी घेतलेले रीडिंग जुळत नाही, ते याने. तुलना करताना सगळ्या डायोडना सारखाच वेळ द्यावा. मी आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो.

६. आकडे शेजारी ठेवून निवड

निवड करताना क्रम असा ठेवावा: सर्किटमध्ये झेनरला किमान किती करंट मिळणार, त्या करंटला व्होल्टेज किती, रोध किती, उष्णता किती, आणि सर्वांत शेवटी किंमत. करंट दोन-पाच मिलिअँपिअरच असेल तर एक वॅटचा झेनर ‘मजबूत’ म्हणून घेण्यात तोटाच आहे, कारण तेवढ्या करंटला अर्ध्या वॅटचा अधिक चांगला आकडा देतो.

मायक्रोकंट्रोलरचा पाय वाचवण्यासाठी ३.३ चा झेनर लावण्याची पद्धत फार पसरली आहे. १० किलोओहममधून ५ व्होल्टचा सिग्नल आला तर झेनरला दोन-तीन दशांश मिलिअँपिअर मिळतात, तेवढ्यात तो ३.३ वर पोहोचतच नाही, आणि अॅनालॉग सिग्नल असेल तर त्याचे वरचे टोक मुरडले जाते. तेथे दोन रेझिस्टरचा विभाजक लावावा. अचूक आणि कमी व्होल्टेजचा आधार हवा असेल तर २.५ व्होल्टचा टीएल४३१ हा आयसी घ्यावा. त्याला एक मिलिअँपिअर पुरतो.

हवे ते व्होल्टेज नसेल तर दोन झेनर मालिकेत जोडता येतात आणि व्होल्टेजची बेरीज होते. जास्त वॅटसाठी मात्र दोन समांतर जोडू नयेत. ज्याचे व्होल्टेज जराही कमी तो बहुतेक सगळा करंट ओढतो आणि दुसरा नुसता पाहत राहतो.

७. मालिकेतला रेझिस्टर काढणे

उदाहरण १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीचे घेऊ. उतरलेली असताना ती १०.५ आणि चार्ज होताना १४.५ व्होल्टपर्यंत जाते. भार ० ते २० मिलिअँपिअरचा, झेनर १एन४७३३ए, आणि त्याला कधीही १० मिलिअँपिअरहून कमी करंट मिळू नये, अशी अट आहे.

रेझिस्टर सर्वांत कमी इनपुट आणि सर्वांत जास्त भार धरून काढावा: १०.५ उणे ५.१ म्हणजे ५.४ व्होल्ट, भागिले ३० मिलिअँपिअर, उत्तर १८० ओहम. हा बाजारात सहज मिळतो. याच्या उलट, झेनरची उष्णता सर्वांत जास्त इनपुट आणि शून्य भार धरून काढावी. १४.५ उणे ५.१ म्हणजे ९.४ व्होल्ट, भागिले १८०, म्हणजे ५२ मिलिअँपिअर, आणि झेनरमध्ये ०.२७ वॅट. नेमके हेच उलटे केले जाते: हिशेब पूर्ण भाराचा होतो, मग कोणीतरी भाराचा प्लग काढतो आणि झेनर एकटाच सगळा करंट पितो.

०.२७ वॅट ऐकून अर्ध्या वॅटचा पुरेल असे वाटते. मात्र अशा डायोडचा औष्णिक रोध दर वॅटला तीनशे अंशांच्या घरात असतो, म्हणजे तो भोवतालापेक्षा सुमारे ८० अंश वर तापतो. इंदूरला मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ अंश असताना पत्र्याखालच्या बंद डब्यात ५५ अंश सहज होतात. बेरीज १३५ अंशांची झाली. डायोड लगेच मरणार नाही, पण ही जागा त्याची नाही. येथे एक वॅटचाच लावावा.

रेझिस्टरमध्ये ०.४९ वॅट होतात. आउटपुट चुकून शॉर्ट झाले तर हेच १.१७ वॅट होतील, म्हणून दोन वॅटचा घ्यावा. वहीतल्या पानावर २० आणि ५ मिलिअँपिअरच्या मध्ये पाहिले तर कळते की १० मिलिअँपिअरला आपला डायोड ४.८५ च्या आसपास राहणार. म्हणजे आउटपुट ४.८५ ते ५.१ मध्ये फिरेल. हा पाव व्होल्ट चालत नसेल तर झेनर बदलत बसू नये, ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावावा.

इशारा: झेनर मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो. दुरुस्तीत शॉर्ट झेनर सापडला तर तो काढून ‘चालते का’ पाहू नये. तो अनेकदा पुढच्या सर्किटला जास्त व्होल्टेजपासून वाचवताना मेलेला असतो, आणि त्याच्याशिवाय चालू केले की पुढचे सर्किटही जाते.

८. भाराखालची शेवटची तपासणी

चार अवस्थांत आउटपुट मोजावे: कमी इनपुट पूर्ण भार, कमी इनपुट शून्य भार, जास्त इनपुट पूर्ण भार, जास्त इनपुट शून्य भार. पहिली अवस्था नियंत्रण टिकते का ते सांगते आणि चौथी उष्णता किती ते सांगते. आउटपुटवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा, कारण दरड पद्धतीचे झेनर चांगलाच गोंगाट करतात आणि ऑडिओ सर्किटमध्ये तो खरखर म्हणून ऐकू येतो.

चौथ्या अवस्थेत डबा बंद करून अर्धा तास चालू ठेवावा आणि मग पुन्हा मोजावे. झेनर १२ व्होल्टचा असेल तर त्याचा आकडा आधीपेक्षा दोन-तीन दशांश वर गेलेला असेल. तो धरूनच पुढचे सर्किट जुळवावे. काच बोटाने तपासू नये, पोळते. झेनरची उष्णता पायांवाटे पीसीबीच्या तांब्यात उतरते, म्हणून पाय आखूड ठेवावेत आणि त्यांच्याखाली तांब्याचा मोठा तुकडा सोडावा. दोन वॅटचा रेझिस्टर मात्र बोर्डापासून पाच-सहा मिलिमीटर उचलून आणि झेनरपासून दूर बसवावा. शेजारी बसवला तर तो झेनरलाच तापवत राहतो.